घरची मदत

मोजणी खात्यात टक्केवारीचं सगळं काम जिच्या गळ्यात पडायचं, तिला सगळे टक्केताई म्हणत. त्या दिवशी तिच्यापुढे दोन देशांचा तक्ता होता: दर शंभर मुलांमागे धोक्याच्या कामावर किती. शेजारच्या देशात नऊ, आपल्याकडे दोन. साहेब असे खूश होते, जणू ती वरची सात मुलं त्यांनी स्वतः उचलून शाळेत नेऊन बसवली होती. दुपारी तक्ता परिषदेला जाणार होता आणि त्यावर टक्केताईची सही हवी होती.

ती सही करेना. शेजारचे लोक घरच्या धंद्यात राबणारं मूलही मोजतात. आपल्या फॉर्मवर त्याला 'मदत' म्हणतात, आणि मदत मोजायची नसते. दोघांना एकच माप लावलं तर आपले अकरा होतात, हे तिने साहेबांना तीनदा सांगितलं आणि साहेबांनी तीनदा ऐकलं नाही. पोरांनी आईबापाला हातभार लावला तर त्यात धोका कसला, असं त्यांचं म्हणणं. सही नसेल तर उद्यापासून तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत बसा, हेही त्यांनी गोड आवाजात सांगून टाकलं. त्या खोलीतून आजवर कुणी परत वर आलं नव्हतं. 

खात्याचा एक नियम होता. शंका आली की एका घरी फोन लावून फॉर्म पुन्हा भरून घ्यायचा. तिने साहेबांच्याच टेबलावरचा फोन ओढला, स्पीकर चालू केला आणि स्वतःच्या घरचा नंबर लावला. पलीकडे तिचे बाबा होते. घरच्या घरी पत्र्याचे डबे बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि आता ते दिवसभर पेपरातल्या चुका काढत बसायचे.

"बाबा, मीच आहे. सरकारी प्रश्न आहेत, खरी उत्तरं द्या. तुमची मुलगी अकरा वर्षांची असताना काम करायची?"

"छे. मदत करायची."

साहेब मिशीतल्या मिशीत हसले. तिने पुढचे प्रश्न विचारले. बाबांनी सांगितलं, पत्रा कापायच्या मशीनवर, शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत, रविवारी पूर्ण दिवस. साहेबांना खुर्ची टोचायला लागली.

"इजा झाली होती?"

टक्केताईचा डावा हात टेबलावर होता. त्याची दोन बोटं अर्धीच होती. लहानपणी दारात सापडली, असं ती खात्यात सांगायची, कारण घरात तसंच ठरलं होतं.

"दोन बोटं गेली," बाबा म्हणाले. "मदत खोड. काम होतं ते."

फॉर्म तिथे संपत होता. बाबा थांबले नाहीत.

"आणि तिला मशीनवर मीच बसवली होती. चाळीस वर्षं लोकांना दार सांगतोय."

"जेवून घ्या" म्हणून तिने फोन ठेवला. एका घराने टक्केवारी बदलत नसते, असं साहेब पुटपुटले, आणि ते खरंच होतं. तिने तक्त्यातले दोन खोडून अकरा लिहिले, खाली सही केली आणि तळघराची किल्ली मागितली.