बाहेर काहीच नव्हतं

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, शाळेतल्या तिसरीच्या वर्गाची. सुताराने मला रंधा मारून मारून गुळगुळीत केलं, तावदानं बसवली आणि जाताना चौकटीवर थाप देऊन म्हणाला, “उजेड दे गं बाई पोरांना.” तेव्हापासून मी उजेड देते, सकाळी फळ्यावर, दुपारी बाकांवर, संध्याकाळी रिकाम्या फरशीवर. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग बिजागऱ्या गंजल्या, एक कडी निखळली, आणि वारा सुटला तरच कुणाला माझी आठवण व्हायची.

अशात माझ्या शेजारच्या बाकावर ती आली. सगळे तिला ढगूबाई म्हणत. धडा सुरू झाला की दोन ओळींतच तिची मान वळायची आणि नजर माझ्यातून पार निघून जायची, झोपेतल्या नदीसारखी. वाचताना ती ओळ गाळायची, तीच ओळ पुन्हा वाचायची, मध्येच एका डोळ्यावर तळवा धरायची.

“ढगूबाई, उतरा खाली!” वर्गबाई म्हणायच्या, नि वर्ग खिदळायचा.

बाबांनी तिचे डोळे तपासून आणले होते. लांबच्या तक्त्यावरची बारीक अक्षरंही तिने घडाघडा वाचली होती. “डोळे ठणठणीत आहेत, बाई. चित्तच थाऱ्यावर नाही हिचं, काय करू?”

शेवटी ठरलं, हिला खालच्या वर्गात बसवायचं. आणि जाता जाता मलाही कागद चिकटवून आंधळी करायचं. सगळं खूळ म्हणे माझंच!

मधल्या सुट्टीत वर्गबाई कागद आणि खळ घेऊन आल्या. दमल्या होत्या, म्हणून आधी ढगूबाईच्या जागेवर टेकल्या. सहज बाहेर पाहिलं आणि पाहतच राहिल्या. शाळेमागचं ओसाड, रिकामं मैदान, आणि पार पलीकडे गोदामाची कोरी भिंत. ना झाड, ना माणूस, ना एखादा कावळा.

ढगूबाई दारात उभी होती.

“अगं, इथं बघण्यासारखं काहीच नाही! रोज बघतेस तरी काय?”

“काही नाही, बाई. जवळची अक्षरं दोन-दोन होतात, पोहायला लागतात. लांब बघितलं की बरं वाटतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, सगळ्यांचीच पोहतात. बाकीच्यांना पकडता येतात.”

वर्गबाईंनी कागद आणि खळ बाजूला ठेवली आणि त्याच दिवशी बाबांना बोलावून घेतलं.

या खेपेला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी जवळचं पाहणंही तपासलं. बाबांनी नंतर वर्गात येऊन सांगितलं, त्या हसून म्हणाल्या होत्या, “हिचे डोळे म्हणजे रुसलेल्या जावा. लांबून गोडीगुलाबी, जवळ आल्या की तोंडं दोन दिशांना! पण समेट होईल.” मग पेन्सिलीच्या टोकावर दोन्ही डोळे रोखून ते हळूहळू नाकाजवळ आणायचं, असा रोजचा सराव सुरू झाला.

तिच्या बाकावर बसणारी भिंगरी नावाची मुलगीसुद्धा अशीच बाहेर बघायची. तिचेही डोळे तसेच तपासले, ते मात्र चांगले निघाले. तिचं लक्षच खरोखर फुलपाखरू होतं. तिला मदत लागली ती निराळी. माना दोघींच्या एकसारख्या वळत, आतली गोष्ट वेगवेगळी.

खालच्या वर्गात कुणी गेलं नाही. एका सकाळी ढगूबाईने अख्खं पान मोठ्याने वाचलं, सावकाश, एकही ओळ न गाळता. वर्गबाई “शाबास, बस आता” म्हणाल्या. पण तिने पान उलटलं होतं आणि ती पुढे वाचतच होती.

मित्रांनो, कुणाची नजर भरकटलेली दिसली, तर हसू नका. आधी जवळ बसा आणि विचारा, “तुला कसं दिसतं?”