आजोबांच्या नंतर काकड

मनोजने सकाळपासून तिसऱ्यांदा फोनवर ‘शेवळाची भाजी’ असं टाइप केलं आणि तिसऱ्यांदा माधुरीच वर आली.

“परत बघितलंत?” प्रमिलाने चहा पुढे ठेवत विचारलं. “घंट्याभरात काय ती खाली उतरनार हाय?”

“मी पाण्याची पातळी बघत होतो.”

“पानी धरनावर असतंय. फोनमदी माझी बहीन हाय.”

माधुरी म्हणजे मुरबाडची मेहुणी. कॉलेजसाठी दोन वर्षं किन्हवलीला यांच्याच घरी राहिली होती. ब्लॉग कसा उघडायचा, हे तिला मनोजनेच शिकवलं होतं. हे तो भेटेल त्याला सांगत असे, आणि आता भेटणारे कमी झाले होते.

मनोजचाही ब्लॉग होता. त्यावर शेवळावरचा, म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात उगवणाऱ्या भाजीवरचा, एक लेख होता, अठ्ठावीसशे शब्दांचा, आणि त्याचा परिच्छेद एकच होता. यामागे शिस्त होती. भातसानगरला धरणाच्या ऑफिसात नोकरीला लागला त्या दिवशी गुणा हेडक्लार्कने त्याला सांगितलं होतं, “रजिस्टरात ओळ मोकळी सोडायची नाय. सोडलीस, की मागनं कोनीतरी खोटा आकडा घालून त्यात पानी ओततो.” राहिलीच मोकळी जागा, तर तिच्यावर लाल पेनने तिरकी रेघ मारायची. अकरा वर्षं मनोजने पातळीचं रजिस्टर असं लिहिलं होतं की त्यात मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. ब्लॉगही त्याने तसाच लिहिला.

माधुरीने एकदा भीत भीत सांगून पाहिलं होतं. “भावजी, मधे मधे मथळे टाका ना. लोकं पयलं वरवर चाळतात, मग वाचतात. आनि लोकं जे इचारतात तेच नाव द्या लेखाला.”

“वाचणारा वाचतो,” मनोज म्हणाला होता. त्याच्या लेखाचं नाव होतं ‘आठवणींच्या हिरव्या वाटेवरून’. ते नाव शोधलं तर मनोज पहिला यायचा. ते शोधणारा जगात एकच माणूस होता.

माधुरीच्या लेखाचं नाव होतं ‘शेवळाची भाजी: घसा खाजू नये म्हणून काय घालावं?’

मनोज तिचा लेख कधी वाचत नसे. तो फक्त कितवा आहे ते बघत असे.

ऑफिसात गेला, तर नवे साहेब टेबलाशी गप्प बसले होते. साहेब लातूरकडचे. आसनगाव स्टेशनाबाहेर त्यांनी शेवळं बघितली आणि ‘हे काय असतं’ म्हणून विचारलं, तेव्हा मनोजने मोठ्या अभिमानाने स्वतःच्या लेखाची लिंक पाठवली होती. साहेबांनी आता कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: ‘घसा.’

“साहेब, काकड घातलं नव्हतं?”

साहेबांनी लिहिलं: ‘कुठे दिलंय?’

“आहे ना. खाली आहे. आजोबांच्या नंतर.”

लेखात आजोबा मुरबाडहून बैल घेऊन निघतात, नदीशी अडकतात, भाकरी सोडतात. तिथवर येईपर्यंत साहेबांच्या घरी भाजी शिजून, वाढून, खाऊन झाली होती. काकडाच्या आंबट फळांशिवाय शेवळं म्हणजे घशात काटेरी झुडूप, ही माहिती चोविसाव्या शतकात होती. शब्दांच्या शतकात.

साहेबांनी पुन्हा कागद ओढला. ‘मग नेटवर एका माधुरीताईंचं सापडलं. पहिल्याच ओळीत काकड. त्यात सांगितलेलं कोकमाचं पाणी प्यायलो, जरा उतार पडला. हुशार बाई. ओळखता?’

मनोजने खिशातलं लाल पेन काढलं, परत ठेवलं.

“नाही साहेब,” तो म्हणाला.

दिवसभर त्याच्या घशात काहीतरी खाजत राहिलं. त्याने शेवळं खाल्ली नव्हती.

संध्याकाळी घरी येऊन त्याने पहिल्यांदाच माधुरीचा लेख उघडला, चुका काढायला. एक तरी चूक असणारच. मथळा, दोन ओळी, मोकळी जागा. मथळा, तीन ओळी, मोकळी जागा. एवढ्या मोकळ्या जागेत सगळं धरण ओतता आलं असतं. चूक सापडेना. शेवटचा मथळा आला: ‘ही रीत मी कोणाकडून शिकले?’

खाली लिहिलं होतं: ‘किन्हवलीच्या जिवलीमावशींकडून. त्या म्हणाल्या, आधी काकड, मग बाकीचं सगळं.’

जिवली म्हणजे मनोजची आई.

मनोजने स्वतःचा लेख उघडला आणि त्यात शोधलं. ‘आजोबा’ चौदा वेळा. ‘ढवळ्या’, म्हणजे बैल, सात वेळा. मग त्याने ‘जिवली’ शोधलं. मग ‘आई’ शोधलं. फोनने दोन्ही वेळा शून्य दाखवलं. लेखात भाजी ‘आमच्या घरात’ आपोआप शिजत होती.

आई पडवीत शेवळं सोलत बसली होती.

“आई, माधुरीला तू भाजी कधी शिकवलीस?”

“शिकवायची काय तिला? चुलीम्होरं बसायची पोर, इचारायची.” आईने मान वर केली नाही. “लिवून घेयाची सगळं. मी म्हनलं, बाय गो, हे काय लिवायचं? तर म्हनली, मावशी, हेच लिवायचं.”

“मीपण लिहिलंय.”

“लिव की. तुला कुठं इचाराय लागतंय, तू घरचाच.”

मनोज उंबऱ्यावर बसला. अठ्ठावीसशे शब्दांच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि लिहिलं: ‘आधी काकड, मग बाकीचं सगळं. जिवली, किन्हवली.’ मग एंटर दाबलं. पुन्हा दाबलं. आजोबा आणि बैल एकेक ओळ खाली सरकले.

त्याने परत ‘शेवळाची भाजी’ शोधलं. माधुरीच वर होती.

आईच्या नावाखाली एक ओळ पांढरीफेक उरली होती. मनोजचा हात सवयीने खिशाकडे गेला, लाल पेनापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. ओळ त्याने तशीच मोकळी ठेवली.