पूजेच्या दिवशी घरी राहिलेला जॅक

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. लांबून पाहिलंत तर लोखंडाची बुटकी बाटली वाटेन. पोटात तेल आणि कमरेला दांडा. दांडा खालीवर केला की माझी मान वर येते आणि मानेवर जे काही असेल तेही वर येतं. उचलणं, एवढं एकच काम मला येतं. आणि ज्या दिवशी ते काम सगळ्यात जास्त हवं होतं, त्या दिवशी मी गळ्यात माळा घालून घरी बसलो होतो.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीची धग सोडली तर तिथलं काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती शहरातल्या बाजारापासून. डोंगरातल्या गावांमध्ये जीपनं बटाट्याची पोती आणि बाजारकरी वाहणाऱ्या क्रिसांतोनं मला दोन्ही हातांत तोलून पाहिलं आणि आपल्या सीटखाली ठेवलं. मी चिखलात रुतलेले ट्रक उचलले, घराची खचलेली तुळई उचलली. एकदा तर दरड कोसळून पाय अडकलेलं गाढव सोडवलं. "क्रिसांतोचा जॅक आणा रे!" अशी हाक घाटात आली की माझी छाती फुगायची. क्रिसांतो गेला, तेव्हा जीप आणि मी त्याच्या मुलाकडे आलो. त्याचं नाव एरासमो.

एरासमोची बायको नेल्वा. शिक्षिका व्हायचं म्हणून ती शहरात दोन वर्षं शिकली होती. मुलगी झाली आणि तिची झोपसुद्धा सावध झाली. चुलीवरचं आधण, विहिरीचं झाकण, पोरीच्या छातीतली घरघर, सगळ्यांवर तिचा डोळा. सासूबाई सेबेरिना हसून म्हणायच्या, "आमच्या सुनेला ना, ढग दिसला तरी वाटतं, हा आपल्याच छपरावर पडणार."

पण ढग कधीकधी पडतोही. मागच्या पावसाळ्यात त्याच पोरीची, तीन महिन्यांच्या दाय्लीची छाती भरली. दवाखाना नदीपलीकडे. नदी ओलांडताना जीपचं पोट एका धोंड्यावर टेकलं आणि ऐन प्रवाहात गाडी अडकली. पाणी सीटपर्यंत आलं. नेल्वा पोरीला डोक्याशी धरून दोन तास बसली होती, तेव्हा कुठे बैल आले. त्या दिवशी एरासमोनं ठरवलं की जीप उंच करायची. स्प्रिंगचे जुने बसके पाटे काढून जास्त कमानीचे पाटे घालायचे, लांब शॉकअप लावायचे. पैसे जमायला वर्ष गेलं. पाटे आले ते कार्निव्हलच्या आदल्या आठवड्यात.

कार्निव्हलच्या सोमवारी सकाळीच अंगणात काम निघालं. मदतीला फेर्मीन आला. दाय्लीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता होता, म्हणून तो आणि एरासमो एकमेकांना कंपादरे म्हणायचे आणि नेल्वाला तो कोमाद्रे म्हणायचा. पुढच्या चाकांना दगड लावले. मी मागून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा उचलला, त्याखाली निलगिरीचे ठोकळे सरकवले, मग मला काढून अ‍ॅक्सलखाली घेतलं. चाकं निघाली. यू-बोल्ट सुटले. पण पाट्याचा मागचा बोल्ट वीस वर्षांच्या गंजानं असा बसला होता की हलेना.

"कंपादरे, ही जीप आहे की तुझी सासू? जागची हलत नाही!" फेर्मीन म्हणाला.

"रॉकेल ओत आणि तोंड बंद ठेव."

दुपारी बोल्ट निघाला, तेव्हा दोघं पोरांसारखे ओरडले. नवे पाटे चढले, यू-बोल्ट आवळले, चाकं आली. संध्याकाळपर्यंत जीप टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या मुलीसारखी दिसू लागली.

शेवटचं म्हणून एरासमोनं मला चासीखाली घेऊन मागची बाजू पुन्हा उचलली. चाकं अधांतरी लोंबली. पाठीशी पोर बांधलेली नेल्वा वाकली आणि खाली बघू लागली.

"ही काळी नळी कसली?"

"ब्रेकची."

"मग अशी ताणलेली का? तार छेडल्यासारखी?"

एरासमोनं मला खाली घेतलं. गाडी चाकांवर टेकली. "बघ, पडली की नाही सैल?"

"आणि चाक खड्ड्यात असंच लोंबलं तर?"

फेर्मीननं मान खाजवली. "कोमाद्रे म्हणते ते खरंय. गाडी उंच झाली, नळी तेवढीच राहिली. वरची पकड एक पट्टी लावून खाली घेतली पाहिजे. अर्ध्या तासाचं काम."

"मग करा ना."

पावसाचे थेंब पडू लागले होते. एरासमोनं आभाळाकडे पाहिलं. "उद्या करू."

"उद्या?" दारातून सेबेरिनाबाईंचा आवाज आला. "उद्या चाल्याचा सण! उद्या या घरात कुणी पाना उचलला तर गाठ माझ्याशी आहे. वर्षभर राबतात बिचारी. एक दिवस पाठ टेकू दे त्यांना."

"बरं आई, बुधवारी," एरासमो म्हणाला.

"आणि मधे गाडी काढायची वेळ आली तर?" नेल्वानं विचारलं.

"कोमाद्रे," फेर्मीन म्हणाला, "तुम्ही ना, काळजीचं दुकान काढा. अख्खा डोंगर गिऱ्हाईक होईल."

सगळे हसले. नेल्वाही ओशाळून हसली. तिनं दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मित्रांनो, ती नळी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिच्या अंगावरच्या बारीक भेगा मी पाहिल्या होत्या. त्या जुन्या जीपच्या चारही चाकांचा ब्रेक त्या एका नळीवर होता. पण मला उचलता येतं, बोलता येत नाही.

मंगळवार उजाडला. चाल्या म्हणजे धरणीमातेला आणि आपल्या हातातल्या अवजारांना मान द्यायचा दिवस. सेबेरिनाबाईंनी आम्हा सगळ्यांना धुऊन पुसून नव्या कापडावर मांडलं. पाने, हातोडा, कुदळ, आणि मधोमध मी. माझ्या मानेला पिवळ्या-लाल कागदी माळा गुंडाळल्या, फुलांच्या पाकळ्या टाकल्या, जमिनीवर बिअर शिंपडली. "क्रिसांतोचा हात आहेस तू," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज बस निवांत." खरं सांगतो, मला फार आवडलं. इतक्या वर्षांत मला कुणी फुलं वाहिली नव्हती. जीपलाही फुगे बांधले. आपल्या उंचीवर ती भलतीच खूश दिसत होती.

दुपारी दाय्लीचं अंग तापलं. नेल्वा तिला मांडीवर घेऊन श्वास मोजत होती. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"दात येत असेल गं," सासूबाई म्हणाल्या. "काढा देते."

"गेल्या वर्षी पण असंच सुरू झालं होतं, आई."

एरासमो ढोल वाजवत होता. त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि ढोल खाली ठेवला. या वेळी त्यानं थट्टा केली नाही. "चल," एवढंच म्हणाला. जाता जाता सवयीनं तो माझ्याकडे वाकला.

"त्याला राहू दे," सेबेरिनाबाई म्हणाल्या. "आज त्याचा दिवस आहे. तासाभरात तर येणार तुम्ही."

त्याचा हात माझ्या मानेपर्यंत आला होता. तो मागे गेला. आणि मित्रांनो, मलाही वाटलं, बरोबर आहे, आज माझा दिवस आहे.

पुढचं मी पाहिलं नाही. नेल्वानं नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, त्यातून मला कळलं. नदी फुगलेली होती, पण जीप मोठ्या दिमाखात पार झाली. "बघितलंस? पोटाला थेंबसुद्धा लागला नाही!" एरासमो स्टिअरिंगवर हात आपटून हसला. काठ चढताना मागचं एक चाक चरात लोंबलं. टक् असा आवाज झाला.

"काहीतरी वाजलं," नेल्वा म्हणाली.

"नवे पाटे आहेत, बोलणारच."

चढ संपला. उतार लागला. पहिल्याच वळणावर त्याचा पाय ब्रेकवर पडला आणि थेट फळीला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा तसाच. त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. वेग थोडा मोडला, पण गाडी थांबेना.

"उडी मार! डोंगराच्या बाजूनं! पोरीला घेऊन उडी मार!"

तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि उडी मारली. एरासमोनं दरी टाळायला जीप डोंगरात घातली. जुनी बुटकी जीप कदाचित नुसती धडकली असती. उंच झालेली जीप चढावर चढली आणि त्याच्याच बाजूला कलंडली. तो तिच्याखाली सापडला, कमरेपासून छातीपर्यंत. शुद्धीवर होता. म्हणाला, "नेल्विता, जॅक घे. सीटखाली आहे."

सीटखाली मी नव्हतो.

सणाचा दिवस. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त मेंढ्या राखणारी एक म्हातारी होती. नेल्वानं दाय्लीला तिच्या हातात दिलं आणि ती धावत सुटली. पायी जाणाऱ्यांच्या झुलत्या पुलावरून, शेतांमधून, अर्ध्या तासाची वाट. अंगणात ती शिरली तेव्हा बँड वाजत होता आणि सेबेरिनाबाई नाचत होत्या. तिनं कुणाला नीट सांगितलंही नाही. "गाडीखाली आहे," एवढंच म्हणाली. माझ्या मानेवरच्या माळा तिनं ओरबाडल्या, पाठीवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा अग्वायो सोडला आणि ज्यात लेकीला बांधायची त्यात मला पाठीशी बांधलं. ती पुढे धावत होती, माणसं मागून. तिच्या पाठीतून तिचं काळीज माझ्या लोखंडावर आदळत होतं.

फेर्मीननं मला जीपच्या कडेखाली लावलं. माझ्या कमरेतून तेल गळत होतं, तरी मी कधी नव्हे इतका जोर केला. जीप उचलली. खरंच उचलली, मित्रांनो. माणसांनी एरासमोला बाहेर ओढलं. नेल्वा त्याच्या तोंडाशी कान नेऊन श्वास मोजू लागली. मोजायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दाय्लीच्या खालच्या हिरडीतून दाताचं पांढरं टोक वर आलं. ताप आपोआप उतरला.

त्यानंतर कितीतरी महिने मी कोपऱ्यात पडून होतो. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. सेबेरिनाबाई तर तो कोपरा टाळून चालायच्या. नेल्वावर त्या एकदाही रागावल्या नाहीत, नेल्वाही त्यांना काही बोलली नाही. एका चुलीवर दोघी आपापलं रांधत. मग एक दिवस नेल्वानं जीप परत आणवली. फेर्मीनकडून ती एकेक गोष्ट शिकली. तो आता थट्टा करायचा नाही. ती विचारेल ते पुन्हा सांगायचा, तिसऱ्यांदासुद्धा. तिनं लांब नळी बसवली, माझ्या पोटात नवं तेल भरलं. आता शाळेची पोरं आणि बाजारकरी तीच नेते. मी तिच्या सीटखाली असतो, त्याच अग्वायोत गुंडाळलेला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी राबणारी मंडळी असतील. त्यांना फुलं जरूर वाहा, पण आधी खाली वाकून बघा. अर्ध्या तासाचं काम सणापलीकडे ढकलू नका. आणि घरात कुणी काळजीनं पुन्हा पुन्हा विचारत असेल तर हसू नका. त्या माणसाला तिसऱ्यांदा विचारू द्या.

परवा पुन्हा कार्निव्हलचा मंगळवार आला. गावात बँड वाजत होता. नेल्वा अंगणात जीपखाली पडून नळी चाचपत होती. सेबेरिनाबाई फुलांची टोपली आणि कागदी माळा घेऊन बाहेर आल्या. माझ्यापाशी थांबल्या. मग त्यांनी टोपली भिंतीशी ठेवली, गुडघे धरत माझ्याशेजारी मातीत बसल्या आणि माझा दांडा हातात घेतला.

"मला दाखव गं," त्या सुनेला म्हणाल्या, "हा कसा चालवायचा ते."

नेल्वा जीपखालून सरकत बाहेर आली. तिनं सासूच्या हातांवर आपले हात ठेवले. दांडा खाली गेला, वर आला. आणि त्या चार हातांखाली, सणाच्या दिवशी, मी हळूहळू मान वर करू लागलो.