ड्रायव्हरचं डोकं

डाव्या हाताच्या चिमटीत ड्रायव्हरला धरून तिने दातांवरचं किटण काढायची आकडी त्याच्या मानेवरून अलगद फिरवली. पुट्टीचा मोहरीएवढा गोळा होता. तिसऱ्या ओरखड्याला तो सुटला आणि टेबलावरून उडून कुठेतरी गेला. मग तिने बारीक पॉलिश पेपरने मान गुळगुळीत केली, फुंकर मारली आणि सवयीने म्हणाली,

“झालं. चूळ भरा.”

पंधरा वर्षं दातांचा दवाखाना चालवल्यावर माणसाला नको तिथे वाढलेलं काही बघवत नाही. बाबांच्या टेबलाशी बसायला मात्र तिला साडेतीन महिने लागले होते. बाबा गेले तेव्हा त्यांची ही मॉडेलची गाडी जवळजवळ पुरी झालेली होती. किट लष्करी ट्रकचं. बाबांनी टपावरची बंदूक बसवायची कडी काढून ते भोक बुजवलं होतं, पेट्रोलचे डबे अडकवायच्या पट्ट्या घासून टाकल्या होत्या आणि मागच्या ताडपत्रीच्या जागी प्लॅस्टिकच्या पत्र्याची बंद पेटी उभी केली होती. आधी सगळीकडे लष्करी हिरवा रंग, त्यावर सायीसारखा पांढरा, आणि दारांच्या कडांशी नखाने खरवडून खालचा हिरवा पुन्हा उघडा पाडलेला. लग्नानंतर आईबाबांनी लिलावात घेतलेली जुनी लष्करी गाडी अशीच होती म्हणे. तिच्यातून ते लाँड्रीच्या चादरी पोचवत. लाँड्री आणि गाडी दोन्ही तिच्या जन्माआधीच विकली गेली. उरली ती गोष्ट.

ती गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावीच लागे. टेकडीवरच्या इस्पितळाच्या उतारावर भरल्या गाडीचा ब्रेक गेला, आणि बाबांनी वळणामागून वळण घेत ती खालच्या वाळूच्या ढिगात नेऊन घातली. सांगताना बाबा समोरची थाळी स्टिअरिंगसारखी धरत आणि पाहुण्यांच्या अंगावर आमटी सांडेल की काय अशी भीती वाटे. तिच्या लहानपणी त्या रस्त्याला दोन वळणं होती. ती कॉलेजात जाईपर्यंत पाच झाली.

उद्या सकाळी मॉडेल क्लबाचं प्रदर्शन होतं. बाबांचं टेबल दरवर्षीच्याच जागी राखून ठेवलेलं होतं. आता फक्त ड्रायव्हरला रंगवून सीटवर बसवायचं राहिलं होतं.

“काय डॉक्टरीणबाई, पेशंट तयार आहे का?” म्हणत घड्याळवाले काका आत आले. बाबांचे जुने मित्र आणि क्लबाचे चिटणीस. दुकान मुलाच्या हाती दिलं तरी डोळ्याला लावायचं भिंग त्यांच्या खिशातून गेलं नव्हतं. त्यांनी गाडी चारी बाजूंनी पाहिली, जिभेने ‘च्च’ असा खुशीचा आवाज केला आणि भिंग डोळ्याला लावून ड्रायव्हर हातात घेतला. एकदा फिरवला. पुन्हा फिरवला.

“याच्या मानेवर काहीतरी होतं.”

“हो ना, पुट्टीचा गोळा राहून गेला होता. काढला मी.”

काकांनी डोळ्यावरचं भिंग उतरवलं आणि खुर्ची ओढून बसले.

“अगं बाई, तो अंबाडा होता.”

“कोणाचा?”

“ड्रायव्हरचा! तीन आठवडे घालवले तुझ्या बाबाने त्या अंबाड्यावर. चार वेळा केला, चार वेळा मोडला. म्हणायचा, बायकोच्या केसांना हात लावायला छाती लागते.”

तिने ड्रायव्हरकडे पाहिलं. हेल्मेट काढलेला, किटमधलाच सैनिक. त्याचे खांदे दोन्ही बाजूंनी घासून बारीक केलेले होते. ते तिने सकाळीच पाहिलं होतं, आणि बाबांचा हात चुकला असेल असं समजून सोडून दिलं होतं.

“पण गाडी तर बाबा चालवत होते.”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, रंग वाळू दे, मग सांगतो.” काकांनी भिंग खिशात टाकलं. मग त्यांनी रंगांच्या बाटल्यांमागून एक झाकण पुढे सरकवलं. “हा बघ, हा शेजारी बसणार होता.”

झाकणात दुसरा सैनिक होता, पण त्याचा गणवेश आता साधा सदरा झाला होता. ओठांवर जाड मिशी, छातीशी घट्ट धरलेलं कापडाचं गाठोडं, आणि डोळ्यांच्या जागी दोन आडव्या रेघा.

ती मोबाइलचा दिवा लावून टेबलाखाली शिरली. तो गोळा सापडून काही उपयोग नव्हता, हे तिला कळत होतं. पण आजवर तिने कोणाचा चांगला दात चुकून उपटला नव्हता.

“आता काय हरवलं?” दारातून आईने विचारलं.

“तुझा अंबाडा,” ती टेबलाखालून म्हणाली.

काकांनी सगळं सांगितलं. आई पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली,

“ह्यांना तेव्हा गाडी कुठे येत होती?”

“म्हणजे?”

“म्हणजे चालवत मीच होते. माझ्या भावाचा ट्रक होता, त्याच्यावर शिकले होते मी. फक्त लायसन्स नव्हतं. ह्यांच्याकडे लायसन्स होतं, शिकायचं तेवढं राहिलं होतं.”

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“हसू नका हो. वाळूतून बाहेर पडतोय तर समोर पोलीस उभा. कोण चालवत होतं म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत हे पुढे झाले. म्हणाले, मी.”

“आणि नंतर?” तिने विचारलं. “नंतर का नाही सांगितलंस?”

“पोलिसाला एक सांगितलं, मग इस्पितळात तेच सांगावं लागलं, मग शेजारीपाजारी. आणि गोष्ट अशी काही रंगत गेली म्हणतेस! मलाच वाटायला लागलं, मधे बोलून तिचा विचका कशाला करा.” आईने चष्मा काढून पुसला. “छान सांगायचे.”

“वहिनी, उद्या नऊला टेबल लावायचंय,” काका हळूच म्हणाले.

“मग लावा की. अंबाडा गेला तो गेला. राहू दे असंच. हेच चालवताहेत असं दिसू दे. सगळ्यांना तेच माहीत आहे.”

ते सोपं होतं. तिची चूकही त्यात झाकली गेली असती. गाडी देखणी दिसली असती, लोकांनी मान डोलावली असती, आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच जे खरं सांगायला घेतलं होतं ते तिच्या आकडीने कायमचं पुसलं गेलं असतं. तिने ते झाकण उचललं, आईच्या तळहातावर ठेवलं आणि दिवा जवळ ओढला. काकांनी आपलं भिंग पुढे केलं.

आईने ते डोळ्याशी नेलं. झाकण दिव्याखाली इकडून तिकडे फिरवलं.

“मिशी बरोबर आहे,” शेवटी ती म्हणाली. आणि झाकण तिरपं करून, “गाठोडंसुद्धा. खाली उतरल्यावरही सोडवेना त्यांच्या हातातून. बोटं एकेक करून उघडली मी.”

झाकण टेबलावर परत ठेवून ती उठली. खुर्ची फिरवून लेकीकडे पाठ करून बसली. केसांतली पिन काढली आणि नीट परत खोचली.

“कुठे होता तो तू काढलेला? मानेवर की वर?”

“जरा वर होता.”

“तेच. ह्यांचं लक्ष कधी होतं! मानेवर असायचा माझा. आणि आता आहे तसला सुपारीएवढा करू नकोस. चांगला मोठा होता.”

“मान सरळ ठेव,” ती म्हणाली. काकांनी पुट्टीचा डबा उघडून दिला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात रणगाडे, विमानं आणि तोफांच्या गर्दीत लाँड्रीची गाडी उभी होती. अकराच्या सुमारास गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ टेबलापाशी थांबले. गुडघ्यांवर हात ठेवून ते वाकले आणि काचेतून आत पाहू लागले.

“काम झकास आहे. पण चालवतंय कोण हे? बाई आहे का?”

ती उत्तर देणार होती, तेवढ्यात काकांनी तिचं कोपर दाबलं.

“मी,” आई म्हणाली. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवत, “लायसन्स नव्हतं.”

“अरे वा! आणि शेजारचे?”

“ते आमचे हे. डोळे मिटून बसलेत बघा. आणि चाळीस वर्षं सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होते.”

गृहस्थ मोठ्याने हसले. “म्हणजे, झालं काय होतं नेमकं?”

आईने शेजारची रिकामी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

“बसा तुम्ही,” ती म्हणाली. “जरा वेळ लागेल.”