सत्काराची यादी

श्रीधर सरांच्या ऑफिसात मला पहिली किळस आली ती शाली मोजताना. रविवार पेठेतून घाऊक आणलेल्या चाळीस शाली, अंगाला टोचणाऱ्या, एका धुण्यात आटणाऱ्या. मी तसं म्हटलं तर सर म्हणाले, "टोचू दे. फोटोपुरती तर खांद्यावर राहणार आहे."

हे २००५ सालचं. सर कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत बसून लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देत. बीकॉम झाल्यावर मी त्यांच्याकडे लागले. धंदा वाढवायचा म्हणून आधी ते आयटीतल्या पोरांच्या मागे लागले. ती पोरं प्रत्येक योजना नेटवर ताडून बघायची आणि वर कमिशनमधला वाटा मागायची. सरांना असली हुशार माणसं आवडत नाहीत.

मग त्यांना शोध लागला की भोसरीच्या कारखान्यांतून शेकडो कामगार स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेत. स्वेच्छा कसली! साहेबानं केबिनमध्ये बोलवायचं आणि कागद पुढे सरकवायचा. एकरकमी पैसा हातात आलेला, आणि तीस वर्षांच्या नोकरीनंतर गेटवरच्या वॉचमननं बिल्ला काढून घेतलेला. ना निरोप, ना हार.

"या माणसांना व्याज नकोय, मान हवाय," सर म्हणाले. "आणि मान आपल्याला शालीच्या भावात पडतो."

सोहळ्याचं नाव 'कृतज्ञता'. हॉल भाड्याचा. प्रत्येकाला शाल आणि नारळ. बौद्ध घरांसाठी नारळाऐवजी पुस्तक, हे सरांनी मलाच विचारून ठरवलं होतं, आणि तेव्हा मला त्यांचं कौतुकही वाटलं होतं. खरा धंदा पुढे होता. आठवड्याभरात सत्काराचा फोटो फ्रेम करून घरी पोचवायचा, तोही मी. खिळा ठोकून झाला, चहा आला, की पिशवीतून फॉर्म काढायचा. ज्याच्या हातचा फोटो भिंतीवर लागला त्याला नाही म्हणायला आपल्या माणसांची जीभ रेटत नाही.

फॉर्मात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की पहिल्या वर्षी शंभरातले चाळीस रुपये खर्चापोटी कापले जातील. त्या खर्चात आमचं कमिशनही आलं. तोंडानं सांगायचं ते वेगळं, 'तीन वर्षांत दुप्पट'. मी ते अडतीस घरांत सांगितलं.

ती अडतीस नावं माझ्या वडिलांनी दिली होती. पप्पा, म्हणजे पोपट ओव्हाळ, भोसरीच्याच एका कारखान्यात लेथवर होते आणि तशीच निवृत्ती घेऊन घरी बसले होते. त्यांनी रविवारी सकाळी येरवड्याच्या आमच्या घरात पाट मांडून, चष्मा पुसून, एकेक नाव, पत्ता आणि कारखान्यातलं खातं वहीत लिहिलं. सगळ्यांना स्वतः फोन केले. "माझी सोनाली आहे तिथे. ती सांगेल तिथे सही करा." स्वतःचं नाव त्यांनी लिहिलं नाही. ते मी घालीन असं त्यांनी धरलं होतं.

मी घातलं नाही. तुमचा सत्कार पुढच्या खेपेला, असं सांगून वेळ मारून नेली.

पप्पांच्या खात्यातल्या कोंडीरामकाकांकडे मी शेवटी गेले, लोणी काळभोरला. लहानपणी त्यांनी मला सायकलवर बसवून जत्रेला नेलं होतं. त्यांनी फॉर्म उलटूनसुद्धा पाहिला नाही. "पोरी, तू हाय म्हनल्यावर वाचायचं काय त्यात?" म्हणाले आणि सही केली. परतीच्या बसमध्ये मी वहीत त्यांच्या नावापुढे अडतिसावी खूण केली.

दोन महिन्यांनी पप्पा कोंडीरामकाकांकडे जेवायला गेले. परत आले ते चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"सगळ्यांच्या भिंतीवर फोटो आहे," ते म्हणाले. "कोंडीराम विचारत होता, पोपट, तुझा कुठाय. मी काय सांगायचं? तुझ्या साहेबासमोर बापाला उभं करायची लाज वाटली का तुला?"

 मी त्यांना सगळं सांगितलं. शंभरातले चाळीस, बारीक अक्षरं, सगळं. तुमचे पैसे वाचावेत म्हणून तुमचं नाव गाळलं, हेही सांगितलं. मला वाटलं होतं, निदान एवढ्यावर तरी त्यांना बरं वाटेल.

"म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होतं."

"हो."

"त्यांचं परत मिळेल?"

"पंधरा दिवसांत मागता आलं असतं. ते सांगायचं नाही असं सर म्हणाले होते."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. पप्पा खाली बसले.

"संपात साहेबानं मला एकट्याला आत बोलावलं होतं," ते म्हणाले. "दुप्पट पगार देतो म्हणाला. मी गेलो नाही. तीन महिने तुझ्या आईनं नुसत्या भाकरीवर काढले. आणि तू मला मागच्या दारानं आत नेऊन बसवलंस. काढ तो फॉर्म."

"पप्पा, पैसे बुडतील."

"बुडू देत. उद्या कोंडीराम आला तर काय सांगू त्याला? पोरीनं मला वाचवलं आणि तुला विकलं?"

सही त्यांनी वहीत नावं लिहिली होती तशीच सावकाश केली. फॉर्म माझ्याकडे दिला तर मी तो फाडीन, हे त्यांना कळत होतं. म्हणून सकाळी ते स्वतः बसने कसब्यात आले आणि तो सरांच्या हातात दिला. सरांनी लगबगीनं उरलेल्या दोन शालींतली एक उचलली.

"राहू द्या," पप्पा म्हणाले. "टोचते म्हणतात."

माझ्याकडे न बघता ते जिना उतरून गेले.

पुढच्या महिन्यात पगाराच्या पाकिटात त्या सहीचा माझा हिस्सा आला. पाकिटावर सरांनी लिहिलं होतं, 'घरच्यांचाही विश्वास मिळवलास, अभिनंदन.' मला शिसारी आली. पाकीट मात्र मी परत केलं नाही. घरात आता पगार माझा एकटीचाच होता.