आर्डिसचं सलगमाचं रान

माझा भाऊ नॉर्बर्ट जानेवारीत गेला. फुप्फुसं संपत आली आहेत हे नोव्हेंबरातच सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या दुपारी त्याची बायको आर्डिस शेजारच्या लायलकडे गेली.

"उद्या सकाळी टेकडीवर करवतीचं काम काढू नकोस. त्याची ही शेवटची खेप आहे."

"निर्धास्त राहा," लायल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी नॉर्बर्टला ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट खालच्या बुटक्या मचाणावर बसवलं. उजाडल्यावर झाडीतून हरणाचा तो मोठा नर बाहेर आला. लायल चार वर्षं त्याच्यावर डोळा ठेवून होता. नॉर्बर्टनं बंदूक खांद्याला लावली आणि तेवढ्यात कुंपणापाशी लायलची यांत्रिक करवत सुरू झाली. नर दोन उड्यांत दिसेनासा झाला. नॉर्बर्टनं बंदूक मांडीवर ठेवली. "चला, थंडी वाजतेय," एवढंच म्हणाला.

आर्डिसनं जन्मात बंदूक धरली नव्हती. पण मे महिन्यात तिनं कुंपणालगतची पडीक जमीन नांगरली, माती तपासून घेतली, चुना टाकला. जुलैअखेर सलगम पेरला, त्याच्या कडेनं ओट आणि क्लोव्हरचं गवत.

"हरणं पाळणार आहेस की काय?" मी विचारलं.

"लायलची पळवणार आहे."

आमच्या विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत हे गणित सगळ्यांना कळतं. पहिल्या कडक थंडीत दव गोठलं की सलगमाचा पाला गोड होतो, आणि मग हरणांना दुसरं काही दिसत नाही. ऑक्टोबरात लायलनं हरणांसाठी पेरलेलं क्लोव्हर ओस पडलं. संध्याकाळी आर्डिसच्या रानात पंधरा-वीस हरणं माना खाली घालून उभी असायची.

बियाण्याच्या दुकानात लायलनं तिला गाठलंच. "तू तर शिकार करत नाहीस. एवढा थाट कुणासाठी?"

"मला बघायला आवडतात."

शेवटी त्यानं आपलं मचाण उचलून कुंपणाला खेटून बांधलं. हरणं जाता-येता त्याच्या हद्दीतून जायची, तेवढीच काय ती आशा.

मोसमाच्या पहिल्या सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. एक बार झाला. खिडकीतून पाहिलं, तर तोच नर कुंपणावरून उडी मारून आला, साठेक पावलं धावला आणि सलगमात कोसळला.

थोड्या वेळानं लायल दारात. शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट, टोपी हातात. दुसऱ्याच्या जमिनीत पडलेलं हरीण परवानगीशिवाय उचलता येत नाही. पण आमच्याकडे विचारणं म्हणजे रीत असते. नाही कुणी म्हणत नाही, उलट ओढायला हात लावतात.

"आर्डिस, माझा नर तुझ्या रानात पडलाय. घेऊन जातो."

"नाही."

तो हसला. "चेष्टा पुरे झाली गं."

"मी कधी चेष्टा करते, लायल?"

"मांस सडेल."

"सडू दे."

तो टोपीची कड चुरगाळत राहिला. "त्या करवतीचं म्हणत असशील, तर मला वाटलं, एव्हाना तो घरी गेला असेल..."

"खोटं बोलू नकोस. तुला नर हवा होता."

"होता," लायल हळूच म्हणाला.

"मग हवाच असू दे."

दुपारी त्यानं शिकार खात्याच्या अधिकाऱ्याला आणलं. आर्डिसनं त्या दोघांना कॉफी नि केक दिला, पण परवानगी दिली नाही.

"जबरदस्ती मी करू शकत नाही," अधिकारी म्हणाला. "पण नॉर्बर्टनं स्वतः ओढून कुंपणापाशी नेऊन दिला असता."

"दिला असता," आर्डिस म्हणाली. "त्याला बोलवा."



ते गेल्यावर मी म्हटलं, "निदान आपण तरी सोलून ठेवू. किंवा गरजवंताला देऊ." आमच्या माहेरी हाडसुद्धा वाया जात नसे.

"तू हात लावलास, तर या घरात पुन्हा येऊ नकोस."

मी हात लावला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आधी कावळे आले, मग दोन गरुड, मग कोल्हे. लायल ट्रॅक्टरच्या शेडपाशी उभा राहून बघायचा आणि आर्डिस खिडकीतून त्याला बघायची. चौथ्या दिवशी तो आला नाही. मोसम संपायच्या आधीच त्यानं मचाण उतरवलं.

पुढच्या मे महिन्यात तिनं सगळं रान नांगरून टाकलं. मी तेव्हा विचारलं, "बरं वाटलं का गं तुला?"

"वाटलं," ती म्हणाली. "चार दिवस."

आमच्या रस्त्यावर समोरून अनोळखी गाडी आली तरी लोक नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. लायल आणि आर्डिस एकमेकांसाठी उचलत नाहीत.