सगुणाबाईंची दुसरी डिस्क

सगुणाबाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि येवल्यात पैठणीची नक्षी काढणाऱ्या बाईला तो परवडतही नाही. इथे एकाच्या मागावर नवा मोर चढला, की महिन्याभरात पलीकडच्या गल्लीत त्याचा जुळा भाऊ दिसतो. म्हणून त्यांच्या घरची रीतच होती: काम संपलं की नक्षीचा कागद मागापासून उचलायचा आणि लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवायचा. पुढे नक्षी कॉम्प्युटरवर आली, बाईंचा स्वभाव मात्र पेटीतच राहिला.

कॉम्प्युटर फारच रखडायला लागला तेव्हा रोहितला बोलवावं लागलं. दुरुस्तीत त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण त्याची सासुरवाडी तीन गल्ल्या सोडून, आणि सासऱ्यांचे चार माग! बाई खुर्ची ओढून त्याच्या मानेशीच बसल्या. फक्त एकदा पाणी आणायला आत गेल्या, आणि त्या दोन मिनिटांचा त्यांना पुढे कायमचा घोर लागला.

"मावशी, ही छोटी डिस्क नवी हाय. हिच्यावर फक्त विंडोज, म्हणजे मशीन झटकन चालू होईल. नक्षीचं सॉफ्टवेअर आणि तुमच्या नक्ष्या या जुन्या मोठ्या डिस्कवर."

"दोन कशापायी? एकीत मावत नाय?"

"छोटीत जागा कमी हाय. आणि उद्या विंडोज बिघडलं तरी नक्ष्यांना धक्का लागायचा नाय."

उत्तर सरळ होतं, म्हणूनच बाईंना खटकलं. मशीन एकीकडे आणि माल एकीकडे. उचलून न्यायला किती सोयीचं. जाता जाता रोहित म्हणाला, "नव्या पदराची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू का?"

झालं, बाईंच्या मनात पाल चुकचुकली. "हात लावायचा नाय. कॉपी नको म्हंजे नको."

त्या पदरासाठी त्या आठ महिने खपल्या होत्या. वेलीवर पाठमोरे मोर, एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. पुढच्या सोमवारी तो मागावर चढायचा होता. कागदावरची कच्ची नक्षी तर त्यांनी स्वतःच बंबात घातली होती, कुणी फोटो काढील म्हणून.

त्या दिवसापासून त्यांनी नवी रीत लावली. रोहितने दोन वायरी कशा काढल्या ते त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी स्क्रीन बंद करायची, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण सरकवून मोठी डिस्क ओढून काढायची, मग भिंतीवरचं बटण बंद. डिस्क सुती फडक्यात गुंडाळून पेटीत, किल्ली कमरेला. सकाळी पुन्हा जोडायची.

सून पूजा एकदा म्हणाली, "आई, ती अशी काढत नाहीत."

"तुला कुणी सांगितलं? रोहितनं?"



शनिवारी कॉम्प्युटर नेहमीसारखा झटकन चालू झाला. पण नक्षीचं सॉफ्टवेअर उघडेना आणि पदर कुठेच सापडेना. मशीन ठणठणीत आणि नेमका आपलाच माल गायब? बाई तडक रोहितच्या दुकानात गेल्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "माझा पदर परत दे."

रोहितचा चेहरा पडला. दुकान तसंच सोडून तो त्यांच्यामागे घरी आला. झाकण काढून त्याने मोठ्या डिस्कला कान लावला. आतून टकटक ऐकू येत होतं.

"मावशी, ही कुणी काढत होतं?"

"मीच. रोज."

"मशीन बंद करून?"

"स्क्रीन बंद करून."

त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. "स्क्रीन बंद केली तरी ही आत फिरतच असती. फिरती ओढली, पेटीत आदळली. विंडोज दुसऱ्या डिस्कवर हाय, म्हणून मशीन चालू झालं. तुमचं सगळं हिच्यात होतं. नाशिकला पाठवून बघतो, पण आशा धरू नका."

सगुणाबाई पेटीवर बसल्या. आठ महिने डोळ्यांपुढून गेले. मग अगदी हळू आवाजात, आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं अशा आवाजात, त्या म्हणाल्या, "रोहित, खरं सांग. त्या दिशी मी पाणी आणायला आत गेले होते, तेवढ्यात तू कॉपी घेतली असशील ना? मी कुणाला बोलणार नाय. सासऱ्याला दिली असशील तरी चालंल."

रोहितने मान हलवली. "नाय, मावशी. तुम्ही नको म्हटलं होतं."

आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, सगुणाबाईंचा कुणाच्या तरी बोलण्यावर चटकन विश्वास बसला.